पाणी आहे, काठ नाही

पैठणच्या धरणातून डाव्या कालव्याला पाणी सुटलं, की अंबड तालुक्यात ती बातमी दोन वाटांनी पोचते. एक वाट कागदाची. पाळीचं वेळापत्रक, मागणी अर्ज, कोणत्या चारीला आधी आणि कोणत्या चारीला मागून, त्यावरून होणाऱ्या कुरबुरी. दुसरी वाट ढोकरीची. वडीगोद्रीच्या बाजूला कालवा वाहता झाला, की जिथे चारीचा दरवाजा नीट बसत नाही, जिथे भराव पाझरतो, जिथे शेवटच्या वाफ्यातून निसटलेलं पाणी बांधाखाली साचून राहतं, तिथे एकेक मातकट पक्षी येऊन उभा राहतो. ढोकरी कुठे उभी आहे ते पाहावं, कालव्याची गळती कुठे आहे ते कळतं.

हा पक्षी कोणाला नवा नाही. कोणी वंचक म्हणतं, कोणी भुरा बगळा, पण गावात ढोकरी. दीड फुटाच्या आतबाहेरची लांबी, आखूड जाड मान, पिवळसर चोच, तिचं टोक काळं, पाय हिरवट पिवळे. पाठ मातीच्या रंगाची, मानेवर आणि छातीवर तपकिरी रेघोट्या. मान खांद्यांत घालून बसली, की डबक्याच्या काठावरचं ढेकूळच. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ती हलत नाही. आपण दिसत नाही आहोत यावर तिचा पक्का भरवसा असतो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. मग अगदी पायाशी आल्यावर ती एक घोगरी ‘क्वाक’ काढून उठते आणि मातकट पक्षी एकदम पांढराशुभ्र होतो. पंख, पाठीचा खालचा भाग, शेपटी, सगळं पांढरं. बसल्यावर ते पांढरेपण तपकिरी पाठीखाली झाकलेलं असतं. पुन्हा दहा वावांवर उतरली, पंख मिटले, की परत माती. शिकारी पक्ष्याने पांढऱ्या रंगाचा पाठलाग करावा आणि तो रंगच नाहीसा व्हावा, अशी ही सोय आहे.

अंबडहून पश्चिमेला नाथसागर, म्हणजे पैठणच्या धरणाचा जलाशय, काही फार लांब नाही, आणि तिथे जाणाऱ्या पक्षीवेड्यांच्या दुर्बिणी ढोकरीवर थांबत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेलं हे जायकवाडी धरण सुमारे दहा किलोमीटर लांबीचं आहे. त्यामागे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं उथळ पाणी आहे. १९८६ साली त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे बदकांचे थवे, रोहित, करकोचे असतात. आणि बगळ्यांतले दोन मोठे सरदारही: राखी बगळा आणि जांभळा बगळा. राखी बगळा उघड्यावर, पाण्याच्या कडेला, दुरूनही दिसेल असा उभा राहतो. जांभळ्या बगळ्याला आडोसा लागतो. पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या दाट बेटात तो शिरतो. त्याची तांबूस मान, तिच्यावरच्या उभ्या काळ्या रेघा, त्या गवतात सरळ उभ्या केल्या की सापडत नाहीत. त्याची बोटं इतकी लांब असतात, की जलपर्णीच्या पानांवरून तो चालत जातो.

ढोकरीला ना राखी बगळ्याचं मोठं पाणी लागतं, ना जांभळ्याचं पाणकणीस. तिला घोट्याएवढं पाणी पुरतं. विहिरीचं थारोळं, कापसाच्या सरीत साचलेला पाऊस, गावाबाहेरचा नाला, म्हशी बसतात ती गाळाची जागा, सगळीकडे ती दिसेल. उन्हाळ्यात पाणी उरलंच नाही, तर ती गवतात फिरून नाकतोडे टिपते. एवढ्या कमी गरजेच्या पक्ष्याची काळजी कोणी करावी, असं वाटणं साहजिक आहे. मीही इथे तिच्या संख्येची काळजी करत नाही. ती जगभराच्या धोक्याच्या यादीत नाही, दक्षिण इराणपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेली आहे. पण ती जिथे उभी राहते ती जागा बदलते आहे, आणि ते बदलणं आपल्याला तिच्यामुळे दिसतं.

शास्त्राच्या दृष्टीने मात्र ढोकरीचं दख्खनशी जवळचं नातं आहे. १८३२ साली विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ‘डख्खन’मधल्या पक्ष्यांची जी यादी मांडली, तिच्यात ढोकरीचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांच्या नावावरून त्याने तिला नाव दिलं, ते आजही चालतं. साइक्स मुळात पक्ष्यांसाठी आलेला नव्हता. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने त्याला नव्या मुलखाची गणती करायला लावलं: किती गावं, कोणती पिकं, काय सारा, कशी माती. गणतीदाराच्या फिरतीत त्याने पक्षीही टिपले. माळरानावरच्या एका चंडोलाला अजून त्याचं नाव आहे. अंबड त्या वेळी निजामाच्या मुलखात, साइक्सच्या हद्दीपलीकडे. निजामी राज्यातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी व्हायला १९३१-३२ साल उजाडलं. ती केली सालिम अली यांनी. म्हणजे गोदावरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पक्षी शास्त्राच्या वहीत जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने आले. ढोकरीने मात्र ती सरहद्द कधी मानली असेल असं वाटत नाही.

तिची शिकार पाहायला वेळ लागतो, कारण बराच वेळ काहीच घडत नाही. उभं राहणं हाच तिच्या कामाचा मोठा भाग. मग एक पाय इतका सावकाश उचलला जातो, की पाण्यावर वलय उमटत नाही. मान हळूहळू लांब होते, अंग पुढे झुकतं, आणि मग जे होतं ते डोळ्याला धड दिसत नाही. दिसतो तो चोचीतला बेडूकमासा. बगळ्यांच्या मानेत सहावा मणका इतरांपेक्षा लांबट असतो. त्याच्यामुळे मानेला तो ओळखीचा बाक येतो आणि फेकलेल्या गोफणीसारखा तिचा मारा होतो. पाण्यात मासा दिसतो तिथे नसतो, किरण वाकतात. बगळ्यांच्या काही जातींवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे, की हा फरक धरूनच ते नेम घेतात. उडतानाही मान अशीच दुमडलेली राहते. आकाशात मान सरळ ताणून जाणारा करकोचा आणि मान गोळा करून जाणारा बगळा एवढ्यावरून वेगळे ओळखता येतात.

मासे, बेडूक, बेडूकमासे, खेकडे, पाणकिडे, चतुरांच्या अळ्या, जळवा. जे चोचीत मावेल आणि घशातून उतरेल ते. माशाची बुळबुळ पिसांना लागते, तिच्यावरही निसर्गाने तोड ठेवली आहे. बगळ्यांच्या छातीवर आणि बाजूंना अशी पिसं असतात, जी झिजून त्यांची भुकटी होते. ती भुकटी अंगाला माखायची, बुळबुळ शोषली गेली की मधल्या बोटाच्या नखाने विंचरून काढायची. त्या नखाला फणीसारखे दाते असतात.

बगळ्याच्या या स्तब्धपणावरून आपल्याकडे ‘बकध्यान’ आलं, बगळाभगत आला. पंचतंत्रातली बगळ्याची आणि खेकड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यातला बगळा कोणती थाप मारतो ते बहुतेक जण विसरतात. तो म्हणतो, बारा वर्षांचा दुष्काळ येणार आहे, तळं आटणार आहे, चला, मी तुम्हाला मोठ्या पाण्यात पोचवतो. अंबडच्या माणसाला ती गोष्ट सांगताना अडचण होते. इथे दुष्काळ ही थाप नसते. २०१२-१३ साली जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं. जालना-अंबड भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, माणसांनी टँकरने पाणी घालून त्या वाचवायचा प्रयत्न केला आणि मग अनेकांनी झाडं मुळासकट काढली. मोठ्या पाण्यात पोचवतो म्हणणारेही त्या वर्षी पुष्कळ होते. खऱ्या बगळ्याबद्दल सांगायचं, तर तो मासा उचलून खडकावर नेऊन सावकाश खात नाही. जागच्या जागी, डोक्याच्या बाजूने, अख्खा गिळतो.

अंबडच्या गडावर मत्स्योदरी देवी आहे. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून हे नाव, असं सांगतात. नवरात्रात तिथे मोठी जत्रा भरते. गावात अहिल्यादेवी होळकरांच्या नावाशी जोडलेली पुष्करणी आहे, दगडी पायऱ्यांची, देखणी. पाण्याची किंमत जाणणाऱ्या मुलखात पाण्याभोवती असं बांधकाम व्हावं यात नवल नाही. पण पुष्करणीच्या पायरीवर ढोकरीला काम नसतं. पायरी सरळ खाली उतरते, गाळ नाही, गवत नाही, बेडकाला अंडी घालायला जागा नाही. एवढ्या पाण्यात एक पुष्करणी असली तर बिघडत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र सगळंच पाणी पुष्करणीसारखं होत चाललं आहे, देखणेपण वगळून.

शेततळ्याचं बघा. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. जालना जिल्ह्यात त्याच्याही आधीपासून शेततळी होती. फळबागा त्यांच्यावर तगल्या. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाचं काम आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षं घेऊन दाखवली. हे खरं यश आहे आणि त्याला नाव ठेवण्याचा हक्क ज्याने बाग वाळताना पाहिली नाही त्याला नाही. तरी शेततळ्याच्या कडेला उभं राहून खाली पाहावं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, तिरप्या बाजू, त्यांच्यावर काळं प्लास्टिक. त्यावर शेवाळ धरलं की माणसाचाही पाय ठरत नाही. वासरं, कुत्री, आणि कधी मुलं त्यात पडून बुडतात, म्हणून जाणते शेतकरी आत दोर सोडून ठेवतात. ढोकरी वरून फेरी मारते आणि निघून जाते. पाणी शिगोशीग आहे, पण उभं कुठे राहायचं?

नाल्यांचं तेच. २०१४च्या डिसेंबरात जलयुक्त शिवारची घोषणा झाली आणि पुढची काही वर्षं गावोगाव पोकलेन फिरले. जुना नाला म्हणजे वाळू, दगड, मध्ये एखादा डोह, कडेला लव्हाळा, पुढे पुन्हा उथळ पसारा. खोलीकरणाने त्याची सरळ चर झाली, दोन्ही बाजू कापल्यासारख्या उभ्या. पावसात ती भरते, फोटो चांगला येतो. विहिरींना पाणी वाढलं असंही अनेक ठिकाणी लोक सांगतात. भूजलाच्या जाणकारांनी या सरसकट खोदाईवर घेतलेले आक्षेप वेगळे आहेत, त्यांचा विचार इथे नको. मला दिसतं ते इतकंच, की ओल्या पायाने चालता येईल अशी जागा त्या चरीत एकच उरते: टिपर आत उतरवायला यंत्रवाल्याने ठेवलेला उतार. तो काम संपल्यावर कोणी मोडत नाही, आळसामुळे. त्या आळसावर ढोकरी उभी असते.

कालव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा; पैठण, अंबड, घनसावंगी करत पार परभणीपर्यंत जातो. तो जितका पाझरतो तितकं टेलच्या शेतकऱ्याचं पाणी कमी होतं. वरच्या भागात चाऱ्या फुटतात, दरवाजे वाकतात, कडेच्या जमिनी चिबड होतात, आणि खाली शेवटच्या वावरात पाळी संपली तरी पाणी पोचत नाही. अस्तरीकरण करा, चाऱ्यांऐवजी बंद नळ टाका, ही मागणी त्यामुळे अन्यायाची नाही. ढोकरीचं डबकं हे कोणाच्या तरी हक्काचं पाणी आहे. पक्ष्यांवर लिहिणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. आपल्या गैरव्यवस्थेवर पोसलेला हा पक्षी आहे. व्यवस्था सुधारली तर त्याचं एक पानच उठणार. मग त्याच्यासाठी गळती चालू ठेवा म्हणायचं का? नाही. पण गळतीतून जे आपोआप मिळत होतं, ते दुसरीकडे ठरवून ठेवायला लागेल, एवढं म्हणता येतं.

आणि ठेवता येतं, याचा पुरावा तालुक्यातच आहे. १९७२च्या दुष्काळात मराठवाडाभर लोक खडी फोडायला आणि माती वाहायला कामावर गेले. त्या वर्षांतल्या आणि पुढे रोजगार हमीतल्या कामांतून पाझर तलाव उभे राहिले. टोपल्याने माती टाकून केलेले, फार खोल नसलेले, नाल्याच्या नैसर्गिक उतारावर आडवा बांध घालून अडवलेलं पाणी. बांधाकडची बाजू दगडी पिचिंगची असते, पण शेपटाकडे पाणी पसरत जाऊन पातळ होतं, गवतात शिरतं, आणि दिवाळीनंतर रोज थोडं थोडं मागे सरतं. ते मागे सरणं हेच बगळ्यांचं ताट. सरलेल्या पाण्यामागे ओला गाळ उरतो, खळग्यांत मासोळ्या अडकतात. नाथसागराच्या फुगवट्यावर जे मोठ्या प्रमाणावर होतं, पाणी उतरलं की शेतकरी गाळपेर करतात आणि पेरणीच्या पुढे पुढे पक्षी सरकत जातात, तेच इथे गावच्या मापाने होतं. उपाशी मजुरांनी अर्ध्या शतकापूर्वी केलेल्या या कामांनी, कोणाच्या मनातही नसताना, पक्ष्यांना उत्तम काठ दिला. आता ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून हे तलाव उपसले जातात. गाळ शेतात जातो, ते चांगलंच आहे. फक्त शेपटाकडचा उथळ भागही खणून खड्डा केला, की साठा थोडा वाढतो आणि काठ जातो. बांधाकडून खणावं, शेपूट सोडावं. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, यंत्रवाल्याला सांगणारा माणूस लागतो.

गोदावरीबद्दल थोडक्यात. पैठणच्या खाली नदी आता सोडलेल्या पाण्याची आहे. आपेगाव, हिरडपुरी इथल्या बंधाऱ्यांनी तिचे तुकडे केले. तुकड्यात पाणी असतं, मधल्या पात्रात वर्षातले बरेच महिने नसतं. शहागड, गोंदीकडे पूर्वी पात्रात वाळूचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर पाण्याच्या शिरा असत. वाळू गेली, खड्डे राहिले. त्याच्यावर लिहायचं, तर दुसरा लेख लागेल आणि त्यात पक्षी नसतील.

ढोकरीचं वर्षातलं एक वेगळं रूप उन्हाळ्याच्या शेवटी दिसतं. रेघोट्यांचा मातकट वेष जाऊन पाठीवर गर्द किरमिजी केसाळ पिसांची झूल येते, डोकं आणि मान पिवळसर होते, डोक्यामागे लांब पांढरी पिसं लोंबू लागतात, चोचीचं मूळ निळसर दिसतं. एरवी न ओळखणारे लोक या दिवसांत हा कोणता नवा पक्षी म्हणून विचारतात. असल्याच तुऱ्यांपायी बगळ्यांच्या कुळावर एकदा मोठं संकट आलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या टोप्यांसाठी पांढऱ्या बगळ्यांची विणीतली पिसं सोन्याच्या भावाने विकली जात, आणि ती मिळवायला घरट्यावरचे पक्षी मारले जात. त्याविरुद्ध इंग्लंडात १८८९ साली काही बायकांनीच संघटना काढली. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ साली बंदी आली. ढोकरीचा तुरा त्या बाजारात फारसा चालला नाही. गावंढळ दिसण्याचा असाही फायदा.

वीण पावसाच्या तोंडावर सुरू होते, आणि त्यासाठी ती रानात जात नाही, गावात येते. चिंच, वड, पिंपळ, कडुलिंब. शक्यतो जुनं, घेरदार, माणसांच्या राबत्यातलं झाड. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत कचेरीच्या आवारात, जुन्या बाजारतळावर, एसटी स्थानकाशेजारी अशी झाडं असतात. तिथे ढोकऱ्या, गाय बगळे, रातबगळे, कधी पाणकावळे अशी मिसळीची वसाहत होते. माणसांच्या वर्दळीत रानमांजर आणि घारी दबकून राहतात. कावळा मात्र दबकत नाही, अंड्यांचा मोठा चोर तोच. नर काड्या आणतो, मादी रचते. घरटं म्हणजे विस्कटलेल्या काड्यांचं ताट. जुनं टिकलं असेल तर त्यावरच नवी भर. निळसर हिरवी तीन ते पाच अंडी. पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवणं सुरू होत असल्याने पिल्लं एकदम बाहेर येत नाहीत. थोरलं अंगाने वाढलेलं असतं तेव्हा धाकटं नुकतं फुटलेलं असतं. दोघं आईबाप अर्धवट पचलेलं अन्न आणून ओकतात. पाऊस वेळेवर आणि बेडूक भरपूर, तर धाकट्यालाही मिळतं. पाऊस ओढला, तर थोरलं जगतं. गावावरून बगळ्यांची माळ गेली की नखं घासत कवडी मागणाऱ्या मुलांना हे हिशेब माहीत नसतात.

झाडाखालच्या लोकांचे हिशेब वेगळे. खाली लावलेल्या मोटारसायकलींवर, टपरीच्या पत्र्यावर, अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलावर पांढरा सडा पडतो. मासळीचा वास सुटतो, पहिल्या पावसानंतर तर जास्तच. मग कोणीतरी अर्ज करतं, आणि फांद्या छाटल्या जातात. ज्यांच्या डोक्यावर हे पडतं त्यांच्या तक्रारीला हसू नये. पण कायदा इथे स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच; तिच्यासाठी बंदूक लागत नाही, करवत पुरते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली महामार्गाच्या रुंदीकरणात पिल्लांनी भरलेलं एक मोठं झाड यंत्राने पाडलं. पिल्लं रस्त्यावर आपटून मेली, त्याचं चित्रण देशभर फिरलं, गुन्हे दाखल झाले.

आपल्याकडे अशी मोठी घटना व्हावी लागत नाही. तारांवर येणाऱ्या फांद्यांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी दरवर्षी मे महिन्यात निघते, कारण वादळाची भीती तेव्हा समोर दिसते. ढोकरीच्या काड्या नेमक्या त्याच दिवसांत पडायला लागतात. हीच छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये केली, तर तारा तितक्याच मोकळ्या राहतात, मजुरी तितकीच लागते. आणि सड्याचा प्रश्न उरतोच, त्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरतं झाडाखाली हिरवं शेडनेट बांधून घ्यावं. मोसंबीची रोपवाटिका असलेल्या तालुक्यात शेडनेटचा तुकडा मिळायला अडचण येऊ नये.